आतून लावायची कडी

साबण ओला होता.

अक्काने तो बोटाने दाबून पाहिला. गेल्या दोन दिवसांत इथे कोणी आलेलं नव्हतं, निदान तिच्या माहितीप्रमाणे तरी. उघड्या माळावर, दिवसभर असा वारा असताना, ती वडी सुकून तडकायला हवी होती. ही तर खालून मऊ लागत होती.

"अहो, साबण ओला कसा?" तिने वर बघत विचारलं.

छपरावर बसून तिचा नवरा तार पिळत होता. "दव पडलं असेल."

"छपराखाली?"

"मग ओल धरली असेल. साबणच तो, कधी ना कधी ओला होणारच."

अक्काला ते पटलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. नवरा खरं बोलतो तेव्हा समोर बघून बोलतो आणि टाळायचं असलं की हातातल्या कामाकडे बघून बोलतो, हे तिला पाठ होतं. आता तो तारेकडे बघत होता.

अक्का ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथे तिला मालकासकट सगळे अक्काच म्हणत. जाड कापडाला दुहेरी दुमड घालून टीप मारणं आणि कडेने दोर ओवायचे पितळी डोळे ठोकणं हे तिचं काम. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याचा अर्धा जन्म इमारतींच्या तळाशी लिफ्टच्या खड्ड्यात वंगण पुसण्यात गेला होता. आता तो निवृत्तीला आला होता आणि कंपनीची खोली सोडायची वेळही जवळ आली होती. शहराबाहेरच्या खडकाळ उतारावर त्यांनी एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे विजेची तार नव्हती, नळ नव्हता, धड रस्ताही नव्हता. नवऱ्याला नेमकं तेच आवडलं होतं. मातीच्या विटांचं घर, पावसाचं पाणी साठवायला टाकी, छपरावर सूर्याची वीज, मागे भाजीचे वाफे. "कुणाच्या बटणावर आपला दिवा नको," तो म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची बटणं दुरुस्त केल्यावर माणसाला असं वाटणं साहजिक होतं.

पण घर सावकाश होणार होतं. तोवर राहायला काहीतरी हवं, म्हणून आधी खोपट उभं करायला घेतलं.

खोपटात विकत घेतलेलं फारसं काही नव्हतं. खांब आणि वासे बांबूचे. जमीन म्हणजे गोदामातून टाकून दिलेल्या, माल रचायच्या लाकडी पॅलेट, दगडांवर उचलून बसवलेल्या, म्हणजे ओल आणि विंचू दोन्ही खालीच राहतील. टाकीसाठी खणलेल्या खड्ड्याची माती पोत्यांत भरून, ती पोती विटांसारखी एकावर एक रचून कमरेइतक्या भिंती झाल्या. थर सरकू नयेत म्हणून मध्ये काटेरी तार पसरलेली. त्यांच्या वर अक्काने शिवलेली ताडपत्री. छपराला जाहिरातींचे जुने फ्लेक्स दोन थरांत ताणले होते, मध्ये हातभर जागा ठेवून, म्हणजे ऊन वरच्या थरातच अडकेल. खाली झोपलं की टूथपेस्टच्या जाहिरातीतला एक माणूस उलटा होऊन सगळे दात दाखवायचा. "ह्याच्यासमोर मी कपडे बदलणार नाही," असं अक्काने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा नवऱ्याने त्याच्या डोळ्यांवर रंग फासला होता.

वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून त्याने लिफ्टचा निकामी झालेला पोलादी दोर आणून चारही कोपऱ्यांत दगडांना आवळला होता. "जन्मभर माणसं उचलली ह्याने. छप्पर धरून ठेवायला ह्याला काय होतंय?"

हे सगळं दोघांनी मिळून हसतखेळत केलं होतं. पण गेल्या महिन्यापासून नवरा घाईला आला होता. आठवड्याच्या मधल्या दिवशीही तो कामावरून परस्पर इकडे यायला लागला. आणि एका सुट्टीला अक्का आली तर दाराला भली जाड लोखंडी कडी बसवलेली, तीही आतल्या बाजूने.

"चोर बाहेरून येतो. कडी आत कशाला?"

"आपण आत असताना लावायला."

"आपण आत असताना आपल्याला कोण चोरून नेणार आहे?"

एरवी अशा बोलण्यावर तो हसला असता. त्या दिवशी तो हसला नाही. स्क्रू पिळत राहिला.

आणि आता हा साबण.

अक्काचा पहिला संशय मधवाल्यावर गेला. उताराच्या पायथ्याशी त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या रांगेने मांडलेल्या होत्या आणि वर यायची पायवाट त्या पेट्यांमधूनच होती. तोंडावर जाळी घालून हा माणूस दिवसभर तिथे वावरायचा. जाळीमुळे तो कुठे बघतोय ते कळायचं नाही, अक्काला त्याचाच राग होता. परत जाताना ती मुद्दाम मागे रेंगाळली.

"आमच्या खोपटात कोणी येतं-जातं का हो?"

"माझ्या घरी साबण आहे," मधवाला म्हणाला.

अक्का चपापली. "साबणाचं मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही वर बोलता ते खाली ऐकू येतं." त्याने एका पेटीचं झाकण हळूच बसवलं. "बाकीचं तुमच्या यजमानांना विचारा."

एवढं बोलून तो माश्यांना धूर द्यायचं धुराडं घेऊन पलीकडच्या रांगेत गेला, आणि अक्काच्या मनातली पाल मधवाल्यावरून उडाली ती थेट नवऱ्यावर येऊन बसली.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. नवरा दुकानातून दोन पिशव्या आणायचा, घरी एकच यायची. तिची जुनी शाल कपाटातून नाहीशी झाली. "टाकीवर घातली, सिमेंट ओलं राहायला," तो म्हणाला, पण टाकीवर तर पोतीच होती. पुढच्या सुट्टीला खोपटातल्या कंगव्यात तिला एक केस मिळाला. लांब, काळा. अक्काचे केस खांद्याच्या वर कापलेले आणि चांगलेच पिकलेले होते. तिने तो केस बोटाला गुंडाळला, उलगडला आणि वाऱ्यावर सोडून दिला. नवऱ्याला विचारायला तोंड उघडेना. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडणारा हा माणूस, आणि त्याच्या आयुष्यात कोणी बाई? हसू यायला हवं होतं. आलं नाही.

बोलायचं कुणाजवळ? मुलगी जवळ असती तर तिच्यापाशी मन मोकळं केलं असतं. पण चिमी तर ट्रेनिंगला दुसऱ्या गावी गेली होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, तिकडून अधूनमधून फोन करायची आणि घाईघाईने ठेवायची. जावयाचा फोन मात्र नेमाने यायचा. जावई म्हणजे लाखात एक, असं अक्का कारखान्यात सगळ्यांना सांगायची. स्थळ तिनेच आणलं होतं. सासूच्या पाठदुखीची आठवण ठेवणारा जावई किती जणींना मिळतो?

"आई, आवाज का असा येतोय?" त्या संध्याकाळी त्याने विचारलं, आणि अक्काचा बांध फुटला. साबण, शाल, कडी, केस, सगळं तिने सांगून टाकलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "केस लांब होता?"

"चांगला हातभर."

"हं. आणि ही जागा नेमकी कुठे आली? मी एकदाही पाहिली नाही बघा."

अक्काने सांगितलं. कुठली बस, कुठलं वळण, पेट्यांमधली पायवाट.

"बाबांना तुम्ही काही बोलू नका, आई. मी बघतो."

"चिमीलाही सांगू नका. ट्रेनिंगमध्ये उगाच डोक्याला ताप. कधी संपतंय तिचं?"

जावयाने उलट विचारलं, "तुम्हाला काय म्हणाली ती? कधीपर्यंत?"

"मला कुठे नीट सांगते? म्हणून तर तुम्हाला विचारते."

"संपेल लवकरच," जावई म्हणाला. "आता लवकरच संपेल."

फोन ठेवल्यावर अक्काला हलकं वाटायला हवं होतं. पण भांडी घासता घासता तिचा हात थांबला. बायको कधी परत येणार, हे नवरा सासूला का विचारतो?

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात पोट बिघडल्याचं कळवलं आणि एकटीच बसने निघाली. जी कोण असेल ती, समोरासमोर बघायची. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं वाक्य सभ्य होतं, पुढची तितकीशी नव्हती.

पायथ्याशी मधवाल्याने तिला पाहून पहिल्यांदाच जाळी वर केली. त्याचा चेहरा तिला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा होता.

"सकाळी एक गाडी येऊन गेली," तो म्हणाला. "मध आहे का विचारलं. आहे म्हटलं तर घेतला नाही. वर कोण राहतं ते विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"वर दगड राहतात म्हटलं."

अक्का वर चढली. दार बंद होतं आणि बाहेरचं कुलूप नव्हतं, म्हणजे कडी आतून होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर बाजूच्या ताडपत्रीवर गेली. मागच्या सुट्टीला वाऱ्याने ती कोपऱ्यात फाटली होती. आता तिथे कुणीतरी हाताने टाके घातले होते. फाटक्या कडा आत दुमडून, मेणाच्या दोऱ्याने, एकसारखे घट्ट टाके. काम कसं झालंय ते पाहायची सवय म्हणून अक्का वाकली, आणि वाकलेलीच राहिली. टाके उलट्या अंगाला झुकले होते. उजव्या हाताचा माणूस घालतो तसे नाही. डावरं माणूस घालतं तसे.

डावऱ्या मुलीला सुई धरायला शिकवताना अक्का आरशासमोर बसायची, म्हणजे मुलीला आईचा हात आपल्या हातासारखा दिसेल.

तिने दारावर तळवा टेकला. "चिमे."

आत काहीतरी हललं आणि थांबलं.

"चिमे, मी आहे गं. आई."

"एकटीच आहेस?" आतून आवाज आला.

"एकटीच."

"त्याला सांगून आलीस?"

अक्काने दार ढकलून पाहिलं. "दार उघड आधी," ती म्हणाली.

कडी सरकायला वेळ लागला. चिमी दारात उभी राहिली. अंगावर ती जुनी शाल होती. गाल बसले होते. आईला पाहून ती पुढे आली नाही. आधी आईच्या मागे पायवाटेकडे पाहिलं, मग बाजूला झाली.

आत पॅलेटवर अंथरूण होतं, दूध होतं, पुस्तकं होती. चिमीने जे सांगितलं ते तुटक सांगितलं. तो कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. मग लॅब सोडायला लावली. फोन रोज रात्री तपासायचा. हात क्वचितच उचलायचा, पण उचलला की दुसऱ्या दिवशी फुलं आणायचा. एकदा कामावर निघताना दूधवाल्याने हाक मारली, त्या गडबडीत नवरा कुलूप लावायचं विसरला. ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली ती थेट बाबांच्या कंपनीत. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. बाबांनीच दुसरा फोन आणून दिला होता. सुट्टीला आई यायची त्या दिवशी ती सामानासकट मधवाल्याच्या घरी जाऊन बसायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. दोनदा. तू म्हणालीस, काळजीपोटी करत असेल गं. आणि त्याच संध्याकाळी त्याला फोन करून समजूत घातलीस. त्यानंतर माझं काय झालं ते तुला माहीत नाही."

अक्का पॅलेटवर बसली. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"काल मी त्याला पत्ता दिला," ती म्हणाली. "केसाचंही सांगितलं. मला वाटलं, तुझ्या बाबांनी कुणी बाई..."

चिमी ओरडली नाही. उठून पिशवीत कपडे कोंबायला लागली.

"कुठे जाशील?"

"कुठेही."

"बस पायथ्यालाच थांबते. तो तिथेच असेल तर?" अक्काने पिशवी धरली नाही, नुसती समोर उभी राहिली. "तू आत थांब. कडी लाव. मी म्हटलं तरी उघडू नकोस. बाबा म्हणाले तरच उघड."

तिने नवऱ्याला फोन लावला. "मला सगळं कळलंय. भांडण नंतर. तुम्ही आधी निघा, आणि कुणाला तरी बरोबर आणा." मग बादली पालथी घालून ती दारासमोर बसली.

जावई आला तो इस्त्रीच्या शर्टात, हातात फळांची पिशवी घेऊन. पेट्यांमधून अंग चोरत वर चढला. "आई, तुम्ही इथे? फोन का नाही उचलत? जीव टांगणीला लागला ना माझा."

काल हेच शब्द ऐकून तिला बरं वाटलं असतं.

"चिमी कुठल्या गावाला आहे ट्रेनिंगला?" तिने विचारलं.

तो हसला. "आई, ती आजारी आहे. डोक्याने. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही. तिच्या सांगण्यावर जाऊ नका तुम्ही."

"ती काय सांगते, ते तुम्हाला काय माहीत?"

"बाजूला व्हा जरा."

"ती आत आहे. येणार नाही."

"आई, प्लीज," असं म्हणत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज तोच होता, मऊ, फोनवर पाठदुखीची चौकशी करणारा. त्यात तसूभर फरक पडला नव्हता. आणि बोटं मात्र तिच्या खांद्यात रुतत होती, हाडापर्यंत. अक्काला एकाएकी धडकी भरली. तिने शेजारचा पोलादी दोर दोन्ही हातांनी पकडला आणि पाय रोवले. बादली घरंगळत गेली, पण ती दारासमोरून हलली नाही.

"अहो पाहुणे," खालून आवाज आला. मधवाला वर येत होता, हातात धुराडं. "माश्या आज चिडलेल्या आहेत. मी झाकणं काढलीत पेट्यांची. जायचं असेल तर आत्ता निघा. आणखी चिडल्या की मग मी तरी वाट देऊ शकणार नाही."

जावयाने खाली पाहिलं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पेट्या उघड्या होत्या आणि त्यांच्यावर हवा काळपट हलत होती. त्याने अक्काच्या खांद्यावरचा हात काढला, शर्टाची बाही नीट केली आणि फळांची पिशवी दाराशी व्यवस्थित उभी करून ठेवली.

"तुमची मुलगी आहे, ठेवा चार दिवस," तो म्हणाला. "नंतर तुम्हीच आणून सोडाल. तुम्हाला मी ओळखतो, आई."

गाडी बराच वेळ वळणावर उभी राहिली. नवरा कंपनीतल्या दोन दांडग्या मित्रांना घेऊन आला तेव्हा ती निघून गेली.

चिमीने बाबांच्या हाकेवर दार उघडलं. नवरा टाकीच्या काठावर अक्काच्या शेजारी येऊन बसला.

"मला सांगायला हवं होतंत," ती म्हणाली.

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंस?" या वेळी तो सरळ तिच्याकडे बघून बोलत होता.

अक्काने पुष्कळ विचार केला. "फोन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघं पोलीस चौकीत गेली. तिथला हवालदार भला माणूस होता, पण नवरा-बायकोचं घरात मिटवावं अशा मताचा. तो चिमीला समजावायला लागला तेव्हा अक्काने मान वळवून ब्लाउजची कड सरकवली आणि खांदा त्याच्यापुढे केला. बोटांचे ठसे निळेजांभळे उमटले होते. "मी त्याची बायको नाही," ती म्हणाली. "माझं घरात कसं मिटवता, सांगा." मग हवालदाराने लिहून घ्यायला सुरुवात केली.

प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे रेंगाळलं. जावयाचे फोन आधी अक्काला आले, मग कारखान्याच्या मालकाला, मग बंद झाले. त्याचं बंद होणंही अक्काला बरेच दिवस संशयास्पद वाटत राहिलं. वळणावर कुठलीही गाडी थांबली की ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

कंपनीची खोली त्यांनी मुदतीआधीच सोडली. खोपटाला एका बाजूने तशाच मातीच्या पोत्यांची आणखी एक खोली जोडली. चिमी खड्डा खणायची, बाबा पोती रचायचे, अक्का ताडपत्री शिवायची. मायलेकी दिवसभर शेजारी राबत, पण बोलणं कामापुरतंच. मागायची ती वस्तू चिमी बाबांकडे मागायची. अक्काचा फोन वाजला की ती खणणं थांबवायची, कोणाचा आहे ते आईच्या चेहऱ्यावर वाचायची आणि मग पुन्हा कुदळ उचलायची. अक्काला ते लागायचं, पण तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. फोन आला की ती चिमीसमोरच, मोठ्याने बोलायची.

घराच्या पायाची आखणी झाली त्या सुमारास चिमीला दुसऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं. रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती डबा घासत होती. बाबा आखणीची दोरी गुंडाळत होते.

"आई," ती डब्याकडेच बघत म्हणाली, "उद्या तुझी बस किती वाजता आहे?"

"तुझ्या आधीची. का गं?"

"मी त्याच बसने येते. लॅबच्या स्टॉपवर थोडा वेळ थांबावं लागेल तुला. मी आत जाईपर्यंत."

"थांबते," अक्का म्हणाली. आणखी पुष्कळ विचारायचं होतं, पण तिने विचारलं नाही. उठून चिमीचा डबा पुसायला घेतला.